बारा ते बारा

पुस्तकाचं परीक्षण लिहायला आधी ते पुस्तक वाचावं लागतं असं म्हणतात. (सगळेच परीक्षक वाचतात असं नाही, पण म्हणतात.) लॉजचं परीक्षण करायला मात्र त्यात झोपावंच लागतं. आणि तिथं झोप येत नसल्यामुळे परीक्षणाला सबंध रात्र मोकळी मिळते. या बाबतीत माझा अधिकार मोठा आहे. माझा जन्म धुळ्याचा, नोकरी जळगावची आणि कामं सगळी मुंबईची. त्यामुळे दादर ते बोरीबंदर या टापूतल्या स्वस्त लॉजांवर मी जितका जागा राहिलो आहे, तितका परीक्षेच्या अभ्यासासाठीसुद्धा राहिलो नाही.

मुळात मुंबईत उतरायचं कुठं, हा प्रश्न कोकणातल्या माणसाला कधी पडला नाही. गिरणगावात गावागावांच्या खोल्या होत्या. एका खोलीत वीस-वीस माणसं पाळीपाळीनं झोपत, पण गावची खोली ती गावची खोली. गोव्याच्या मंडळींनी आपापल्या गावांच्या नावानं कूड काढले होते. खानदेशी माणूस पोटासाठी गेला तो सुरतेला. परिणामी सुरतेत आमचे गल्लोगल्ली नातेवाईक आणि मुंबईत एकुलता एक डोंबिवलीचा मामेभाऊ. त्याच्या दीड खोलीत आधीच साडेपाच माणसं. तो मनापासून ‘या’ म्हणतो, आणि आम्ही मनापासून ‘नको’ म्हणतो.

दुसरा मार्ग आमदार निवासाचा. आमदारांची खोली आमदारांसाठी असते असा शहरी लोकांचा समज आहे. प्रत्यक्षात तिथं मतदारसंघ झोपतो. सतरंजीवर ओळीनं पडलेल्या माणसांवरून उडी मारत मोरीपर्यंत जाणं, हा लोकशाहीचा अनुभव एकदा तरी घ्यावा. कुलाब्याचं मॅजेस्टिक हे तर आधी खरोखरीचं थाटाचं हॉटेल. पुढं त्याचं आमदार निवास झालं. पण तिथं शिरायला आमदार आपल्या ओळखीचे लागतात आणि निवडून आलेले लागतात. माझ्या ओळखीचे नेमके पडतात. म्हणून लॉज.

लॉज म्हटलं की लोक नाक मुरडतात. त्यांना सांगायला हवं की साक्षात लोकमान्य टिळक मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या सरदारगृहात उतरत, आणि १ ऑगस्ट १९२० रोजी त्यांनी देह ठेवला तोही तिथंच. सरदारगृह म्हणजे राजवाडा नव्हे. ते उतारूंचं ठिकाण. ज्यांच्यासाठी अख्खी मुंबई पावसात उभी राहिली, त्यांना शेवटचं अंथरूण मिळालं ते भाड्याच्या खोलीतलं. त्याआधी १८९६ साली मार्क ट्वेन हा अमेरिकन विनोदी लेखक काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात उतरला होता. हॉटेल त्या काळचं मोठं नामांकित, लोखंडी सांगाडा विलायतेहून आणून उभारलेलं. आणि यानं पुस्तकात मन लावून वर्णन केलं ते कुणाचं? कावळ्यांचं! यावरून मी एक सिद्धांत काढला आहे. उतारूच्या लक्षात खोली राहत नाही. खोलीत असताना काय घडलं, ते राहतं.

आता प्रत्यक्ष परीक्षणाकडे वळू.

२०२३ च्या पावसाळ्यात माझे थोरले मेहुणे, आप्पा, यांना परळच्या टाटा हॉस्पिटलात दाखवायला न्यायचं होतं. आप्पा रावेरकडचे केळीवाले शेतकरी. गालात आतून एक चट्टा आला होता. जळगावच्या डॉक्टरांनी तो पाहिला आणि आमच्याकडे न पाहता चिठ्ठी लिहिली. आमच्या सौभाग्यवतींनी भावासाठी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा बांधून दिला. रात्री जळगावला गाडीत बसलो आणि सकाळी साडेसहाला दादरच्या एका लॉजच्या जिन्यात उभे राहिलो. लॉजचं नाव सांगत नाही. एकतर ते कुठल्यातरी देवाचं होतं, आणि दुसरं म्हणजे देवाचा त्यात काही दोष नव्हता.

लॉजचं मुखपृष्ठ म्हणजे पाटी. पाटीवर ‘हवेशीर खोल्या’ असं लिहिलं होतं. प्रस्तावना म्हणजे रजिस्टर. त्यात नाव, गाव, वय, कुठून आलात, कुठं जाणार असे रकाने असतात आणि शेवटी एक रकाना ‘येण्याचं कारण’. माझं पेन तिथं अडलं. वरच्या ओळींत कुणी ‘धंदा’ लिहिलं होतं, कुणी ‘लग्न’. आप्पा शेजारीच उभे होते. त्यांच्यासमोर त्या रोगाचं नाव आम्ही घरातसुद्धा काढलं नव्हतं. मॅनेजरनं रजिस्टर स्वतःकडे ओढलं आणि म्हणाला, “काम लिहा. सगळे तेच लिहितात.” मी ‘काम’ लिहिलं. या माणसाबद्दल पुढं मी बरंच वाईट लिहिणार आहे, म्हणून त्याचं हे एक वाक्य आधी जमेस धरून ठेवतो.

खोलीत पलंग दोन होते आणि पलंग सोडून जी जागा होती तिच्यात माणूस उभा राहिला की दार उघडत नसे. मधली भिंत प्लायवूडची. ती छताला पोचायच्या आधीच थकून थांबली होती. खिडकी होती, पण ती इमारतीच्या पोटात उघडायची. आरशावर आधीच्या कुणा बाईंची टिकली. पंख्याला दोनच वेग, एक आवाजाचा आणि दुसरा जास्त आवाजाचा. आप्पांनी खोलीभर नजर फिरवली (वेळ लागला नाही) आणि म्हणाले, “जावईबापू, केयी पिकवाची खोली बी याच्याहून हवेशीर रायते.”

भाडं ९०० रुपये. १८ जुलै २०२२ च्या आधी हजारांच्या आतल्या खोलीला जीएसटी नव्हता. त्या दिवसापासून १२ टक्के लागला. म्हणजे कर झाला १०८ रुपये. एकशेआठ हा आकडा ऐकून आप्पांनी नकळत हात जोडले. पुढं २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला, पण तोपर्यंत आमची बरीच जपमाळ ओढून झाली होती.

रात्री आम्ही दशम्या सोडल्या. दारामागच्या नियमावलीत ‘बाहेरचे खाद्यपदार्थ आणू नयेत’ असं कलम होतं. पण ठेचा हा खाद्यपदार्थ आहे की शस्त्र, याचा निर्णय व्हायचा आहे. दोन घास खाल्ले नाहीत तोच दारावर टकटक. मला वाटलं, मॅनेजर. दारात एक धोतरवाले गृहस्थ. म्हणाले, “कोन्या गावना शेतस, भाऊ? ठेचाना वास उना, म्हनीसन उनू.” साक्रीकडचे निघाले. मंत्रालयात फाइल अडकली होती, तिच्यामागं पाचवी खेप. त्यांना पलंगावर बसवलं, कारण दुसरीकडे बसवता येतच नव्हतं. जेवता जेवता त्यांनी आप्पांच्या हातातली हॉस्पिटलची फाइल पाहिली आणि मला म्हणाले, “गाडगेबाबानी धरमशाळा सोडीसन आठे कसाले उतरनात?”

मला तोवर ते ठाऊकच नव्हतं. ज्याला लॉजांचा एवढा व्यासंग, त्याला दादरमधली धर्मशाळा माहीत नाही! समीक्षकाचं असंच होतं. तो ज्या प्रकारावर लिहितो, त्याच्या शेजारी काय आहे ते त्याला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट मिळणार होता चार वाजता आणि परतीची गाडी होती संध्याकाळची. सकाळची तपासणी उरकून आम्ही साडेअकराला लॉजवर आलो. आप्पांच्या गालातून तुकडा काढलेला, तोंडात कापूस. ते आडवे होतात न होतात तोच दारावर थाप. बारा वाजले होते.

मंडळी, स्वस्त लॉजबद्दल माझी खरी तक्रार इथं आहे. ढेकणांबद्दल नाही, पंख्याबद्दल नाही, टिकलीबद्दल तर नाहीच. लॉजचा दिवस बारा ते बारा असतो. आम्ही आदल्या दिवशी सकाळी साडेसहाला आलो. त्या दिवशी बारा वाजता आमचा एक ‘दिवस’ संपला. मग दुसरा दिवस सुरू झाला तो आज संपला. असे साडेएकोणतीस तासांचे आम्ही दोन दिवसांचे पैसे मोजले, दोन हजार सोळा रुपये. खानदेशातली माणसं रात्रीच्या गाडीनं निघतात आणि पहाटे-सकाळी उतरतात. भर दुपारी बारा वाजता मुंबईत उतरायचं असा नवस कुणीही केलेला नसतो. जिथं ‘२४ तास’ अशी पाटी असते, तिथं तुम्ही सहाला आलात तर सहापर्यंत राहता. तशी लॉजं आहेत. पुढच्या खेपेपासून मी भाडं विचारायच्या आधी घड्याळ विचारू लागलो.

लॉजवाल्याची बाजू मला समजत नाही असं नाही. झाडणारा पोरगा एक, चादरी मोजक्या, धोबी एकदाच येणार. प्रत्येक खोली आपापल्या वेळेला रिकामी होऊ लागली तर त्यानं करावं काय? मोठ्या पंचतारांकित हॉटेलांचा नियमही साधारण असाच असतो. पण तिथं खाली दिवाणखान्याएवढी लॉबी असते. खोली सोडलेला माणूस तिथं बसतो, वर्तमानपत्र चाळतो, त्याला पाणी विचारतात. म्हणजे तिथं खोली सुटते, आसरा सुटत नाही. स्वस्त लॉजात खोली सुटली की थेट रस्ता. गरीब उतारूला हवा कमी मिळते, पाणी कमी मिळतं, हे ठीक आहे. तो पैसेही कमी देतो. पण त्याला बसायला बाकडंसुद्धा मिळू नये?

इंग्रजांनी १८६७ साली सरायांसाठी एक कायदा केला होता. सरायवाल्यानं खोल्या, पडव्या, विहिरी, गटारं स्वच्छ ठेवावीत, पहारेकरी नेमावेत, दरपत्रक मॅजिस्ट्रेट सांगतील त्या भाषेत लावावं, असं त्यात लिहिलं आहे. गटारापर्यंत पोचलेल्या त्या कायद्याला बाकडं सुचलं नाही.

आम्ही पिशव्या घेऊन जिन्याच्या पायरीवर बसलो. मॅनेजर वरून म्हणाला, “जिन्यात बसू नका, येणाऱ्या-जाणाऱ्यांना अडचण होते.” ते खरंच होतं. जिना दीड माणसाचा आणि आम्ही दोघं. मग आम्ही दादर स्टेशनात गेलो. फलाटावरच्या बाकावर आप्पा पिशवी उशाला घेऊन कलंडले. बऱ्याच वेळानं कापूस सावरत म्हणाले, “रेल्वेवाले बरे. बारा वाजले म्हनून उठवत नाही.”

चार वाजता रिपोर्ट मिळाला. जे वाटत होतं तेच निघालं.

मग खेपा सुरू झाल्या. ऑपरेशन, शेक, तपासण्या. साक्रीकरांच्या कृपेनं पुढं आम्ही धर्मशाळेत राहिलो. गाडगे महाराज २० डिसेंबर १९५६ रोजी गेले. पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या. स्वतः मात्र झोपडीत राहिले. आयुष्यभर जो माणूस कुणाच्याही ओसरीवर पडला, त्यालाच कळणार की उतारूला काय लागतं. दादरच्या त्यांच्या नावाच्या धर्मशाळेत कॅन्सरचे रुग्ण आणि त्यांची माणसं राहतात. तिथं येण्याचं कारण लिहिताना कुणाचं पेन अडत नाही. सगळ्यांचं एकच. शेजारच्या बाई विचारतात, “तुमचं शेकाचं कितवं?” आणि आप्पा रोगाचं नावही न काढता आकडा सांगतात.

इथं परीक्षण संपवायला हरकत नव्हती. लॉजला नापास करावं, धर्मशाळेला पहिला वर्ग द्यावा आणि खाली सही करावी. पण एक गोष्ट राहिली.

प्रत्येक खेपेहून परतताना आप्पा जळगावला उतरत आणि आमच्याकडे एक-दोन दिवस थांबून रावेरला जात. एका खेपेला ते पाचव्या दिवशीही होते. तोंडाला चव नाही, म्हणून त्यांच्यासाठी वेगळी पेज, रात्री खोकला, आणि माझी झोपायची खोली त्यांना दिलेली. आमच्या मध्यमवर्गीय घरांत दाराच्या मागं नियमावली नसते. आमच्याकडे ते काम एका वाक्यात होतं. त्या सकाळी मी पेपर वाचता वाचता, अगदी सहज, विचारलं, “आप्पा, रावेरची गाडी कितीची आहे?”

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग ते हसले. एका बाजूचा गाल आता हलत नसे, म्हणून अर्धंच. खाली वाकून त्यांनी पिशवी जवळ ओढली आणि म्हणाले, “बारा वाजले काय, जावईबापू?”

घड्याळात साडेनऊच झाले होते.