थोरोच्या हिशेबातील कोरी जागा

साध्या राहणीचा उपदेश करणाऱ्या पुस्तकांचे पीक अलीकडे उदंड झाले आहे. वस्तू कमी करा, मोबाइल दूर ठेवा, दिवसातला काही वेळ स्वतःसाठी राखा, असे ती सांगतात. त्यांचा मूळपुरुष शोधत गेल्यास बहुधा हेन्री डेव्हिड थोरो हेच नाव पुढे येते. त्याचे ‘वॉल्डन’ १८५४ साली प्रसिद्ध झाले. मराठीत ते दुर्गा भागवत यांनी ‘वॉल्डनकाठी विचारविहार’ या नावाने आणले. दुर्गाबाईंचा जन्म १९१० साली इंदुरात झाला; तेव्हा आपल्याकडील वाचकांना या पुस्तकाविषयी थोडी घरची आस्था वाटल्यास नवल नाही. परंतु आस्थेने वाचणे आणि नीट वाचणे यांत अंतर असते, आणि येथे ते बरेच पडले आहे असे मला वाटते.

संतवाङ्मयावर पोसलेला आपला वाचक अरण्यात जाऊन राहिलेला माणूस दिसला की त्याच्या अंगावर वैराग्याची कफनी चढवितो. थोरोच्या अंगावर ती बसत नाही. वॉल्डनचे तळे काँकर्ड गावापासून जेमतेम दीड मैलावर होते. जागा त्याचा स्नेही इमर्सन याच्या मालकीची. तळ्याच्या कडेने रेल्वेचा रूळ गेलेला. थोरो एक-दोन दिवसांआड गावात फेरी मारीत असे आणि कधीमधी गावात जेवीतही असे. ४ जुलै १८४५ रोजी तो तेथे राहावयास गेला आणि ६ सप्टेंबर १८४७ रोजी परतला. यात संन्यास कोठेच नाही.

संन्याशाच्या पुस्तकात कधी सापडणार नाही असे काही मात्र येथे आहे. पहिले आणि सर्वांत लांब प्रकरण आहे ते जमाखर्चाचे. कुटी बांधावयास एकूण २८ डॉलर साडेबारा सेंट लागले, हे तो बाबवार सांगतो. जुन्या विटा एक हजार, ४ डॉलर. खिळे ३ डॉलर ९० सेंट. खडू १ सेंट! त्या काळी केंब्रिजच्या महाविद्यालयात विद्यार्थ्याच्या खोलीचे वर्षाचे भाडेच ३० डॉलर होते, हेही तो बजावतो. अडीच एकरांतील पिकाचा, मुख्यतः घेवड्याचा, नफा निघाला ८ डॉलर साडेएकाहत्तर सेंट. अनेक वाचक ही पाने रूक्ष म्हणून उलटून पुढच्या निसर्गवर्णनाकडे धावतात. मला ती ग्रंथाचा गाभा वाटतात. कोणत्याही वस्तूची खरी किंमत म्हणजे तिच्यापायी द्यावे लागणारे आयुष्य, हा थोरोचा सिद्धान्त या आकड्यांवर उभा आहे. आकडे वगळले की उरते ते सुभाषित.

या हिशेबाने त्याने वेळ वाचविला. वर्षात सुमारे सहा आठवडे काम केले की पोटापुरते मिळते, असे त्याला आढळले. पण उरलेला वेळ कशासाठी? उपदेशपर पुस्तके नेमकी येथे गप्प बसतात. थोरोपाशी उत्तर होते. १८३९ साली तो आणि त्याचा थोरला भाऊ जॉन नावेतून नदीप्रवासास गेले होते. १८४२ साली जॉन धनुर्वाताने वारला. त्या प्रवासाचे पुस्तक लिहावयाचे राहिले होते, आणि ते तळ्याकाठच्या कुटीत लिहिले गेले. म्हणजे त्याने पसारा कमी केला तो एका कामाला जागा करण्यासाठी. टपाल, वर्तमानपत्रे आणि तारायंत्र यांची त्याने केलेली थट्टा याच दृष्टीने वाचली पाहिजे. हाती काम असलेल्या माणसाची ती चिडचिड आहे. हे लक्षात न घेता जो नुसता फोन बंद करून बसतो, त्याला तासाभरात कंटाळा येतो, आणि त्यात दोष फोनचा नसतो.

आता आक्षेपाची बाब. आठ महिन्यांचा खर्च मांडताना थोरो धुणे आणि कपड्यांची डागडुजी यांपुढे आकडा लिहीत नाही. ती कामे बहुतेक बाहेर झाली आणि त्यांची बिले अद्याप आलेली नाहीत, असे सांगून तो पुढे जातो. खडूचा एक सेंट ज्याने नोंदविला, त्याच्या हातून ही जागा कोरी राहिली. त्याची आई आणि बहिणी गावातच होत्या. म्हणून त्याला ढोंगी ठरविणारे टीकाकार आहेत. मी त्यांच्यात बसत नाही, कारण ढोंगी माणूस ती ओळ लिहितोच ना! परंतु ज्याचे श्रम मोजायचे नाहीत असे कोणीतरी मागे असले, म्हणजे साधेपणा स्वस्त पडतो, हे त्या कोऱ्या जागेतून दिसते.

आपल्या घरांत हे निराळे होते काय? वाडे सोडून सदनिकांत येताना आपण बंब, घंगाळे, हंडे मोडीत काढले, आणि ‘आमच्या वडिलांच्या गरजा किती थोड्या होत्या’ हे कौतुक तेवढे बरोबर आणले. त्या वडिलांचे धोतर रोज धुऊन, वाळवून, घडी घालून कोण ठेवीत असे, ते त्या घरच्या सुनांना विचारावे.

दुसरी खटकणारी जागा जॉन फील्ड या गरीब आयरिश मजुराची. पावसात त्याच्या झोपडीचा आसरा घेतलेला थोरो त्यालाच चहा, कॉफी, लोणी, मांस सोडण्याचा उपदेश करतो. बायकोमुलांच्या त्या कुटुंबाला दारिद्र्य निवडीने आलेले नव्हते, आणि एकट्या माणसाचा जमाखर्च त्याला लागू पडत नव्हता. साऱ्या ग्रंथात इतके अरसिक प्रकरण दुसरे नाही.

तरीही पुस्तक टिकते ते दुसऱ्या एका कारणाने. जुलै १८४६ मध्ये डोईपट्टी भरण्यास नकार देऊन थोरो एक रात्र तुरुंगात राहिला, तेव्हा त्याचे बिऱ्हाड याच कुटीत होते. ज्याच्या गरजा थोड्या, त्याच्यापासून हिरावून घेण्यासारखेही थोडेच असते; नकार देण्याचे बळ त्याला येथून मिळाले. दुर्गाबाईंनी हा ग्रंथ मराठीत आणला, त्याच दुर्गाबाई १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षस्थानावरून आणीबाणीविरुद्ध बोलल्या आणि पुढे त्यांना तुरुंगवास घडला. या दोन गोष्टी मला वेगळ्या काढता येत नाहीत.

म्हणून त्यांनी दिलेल्या शीर्षकाविषयी माझी थोडी तक्रार आहे. ‘विचारविहार’ हा शब्द गोड आहे, पण वाचकाला तो आधीच निवांत करून सोडतो. मूळ ग्रंथास ‘अरण्यातील जीवन’ असे उपशीर्षक होते. मार्च १८६२ मध्ये, मृत्यूला दोन महिने उरले असताना, थोरोने ते पुढील आवृत्तीतून गाळण्यास प्रकाशकांना कळविले. अरण्य त्याला स्वतःलाच नकोसे झाले होते. घेवड्याचा नफा आणि धुण्याची न आलेली बिले मात्र पुस्तकात तशीच राहिली आहेत.