मुरणं, जुनं होणं, शिळं होणं : शातो लातूरच्या निमित्ताने

या मालेत आपण रुचीची समीक्षा करतो आहोत. आज उदाहरण घेतलंय ते फ्रेंच रेड वाइनचं. जे घेत नाहीत त्यांनीही थांबावं, कारण प्रश्न लोणच्यालाही लागू आहे आणि गवयालाही. वाइनचे समीक्षक एक वाक्य फार सहज लिहितात : 'ही वाइन अजून तीस वर्षं मुरेल.' या वाक्याचा अर्थ काय, आणि ठाणे-डोंबिवलीत बसून ते खरं मानायचं का, एवढंच आज बघू.

मराठीत काळाच्या परिणामाला तीन शब्द आहेत. भात शिळा होतो, तांदूळ जुना होतो आणि मुरंबा मुरतो. शिळं होण्यात वस्तू काहीतरी गमावते. जुनं होण्यात ती टिकून राहते, कधी थोडी सुधारतेही. मुरण्यात तिचं रूपच पालटतं. आधी जे वेगवेगळं लागत होतं ते एकजीव होतं. शार्ङ्गधराने औषधांच्या बाबतीत हाच विचार केलेला आहे. चूर्ण दोन महिन्यांत निस्तेज होतं, पण आसव जुनं झालं की जास्त गुणकारी. म्हणजे काळ सगळ्यांना सारखा वागवत नाही, हे आपल्याला फ्रान्सने शिकवायची गरज नव्हती.

आता शातो लातूर. आपलं लातूर नव्हे. फ्रेंचमध्ये 'ला तूर' म्हणजे बुरूज. बोर्डो प्रांतात, जिरोंद खाडीच्या काठी पोइयाक नावाचं गाव आहे, तिथली ही वाइन. १८५५च्या प्रतवारीत पहिल्या श्रेणीत जी चार नावं होती त्यांत हे एक. द्राक्ष मुख्यतः कॅबर्ने सोव्हिन्यों : लहान मणी, जाड साल, त्यामुळे रंग आणि तुरटपणा भरपूर. जमीन गोट्यांची, खाली चिकणमाती. तरुणपणी ही वाइन कठोर असते, जांभळट काळी, जिभेला आवळल्यासारखी. घाईच्या माणसाला ती आवडणं कठीण.

हा तुरटपणा म्हणजे टॅनिन; आपल्याला तो कोऱ्या चहातून आणि सुपारीतून ओळखीचा आहे. वर्षं जातात तशी टॅनिनं आणि रंगद्रव्यं एकमेकांना बिलगून मोठी होतात, त्यातली काही गाळ होऊन तळाशी बसतात. रंग जांभळ्याचा विटकरी होतो. ताज्या फळाचा वास मागे सरतो आणि देवदार, तंबाखू, चामडं, वाळलेली पानं असे वास पुढे येतात. आंबटपणा मात्र बऱ्यापैकी जागेवर राहतो आणि तोच सगळं उभं धरतो. तेव्हा मुरण्याची ऐपत म्हणजे टॅनिन, आम्ल आणि फळाचा गर, तिन्ही पुरेसे आणि एकमेकांच्या तोलात. नुसता तुरटपणा असेल तर फळ आधी मरतं आणि हाती राहतो काढा.

पण ऐपत म्हणजे फळ नव्हे. ॲरिस्टॉटलने शक्यता आणि वास्तव असा भेद केला, तो इथे कामाला येतो. बीजात झाड आहे, पण माती-पाणी मिळालं तर. लातूरची तीस वर्षं बारा-चौदा अंश तापमानाच्या अंधाऱ्या तळघरात मोजलेली आहेत. आपल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमध्ये मे महिन्यात काय असतं ते तुम्ही जाणता. कुणी म्हणेल, उष्णतेत सगळं भरभर होतं, मग लवकर मुरेल. तसं होत नाही. उष्णतेत सगळ्या क्रिया सारख्या प्रमाणात वाढत नाहीत, त्यामुळे वाइन लवकर मुरत नाही, वेगळीच होते, शिजते म्हणा. अढीत पिकलेला हापूस आणि कार्बाइडने पिवळा केलेला हापूस, यात जो फरक तोच. म्हणून आमचं म्हणणं असं की 'तीस वर्षं मुरेल' हे वाइनचं एकटीचं वर्णन नाही. वाइन, जागा आणि सांभाळणारा, या तिघांबद्दलचं ते विधान आहे. डोंबिवलीतल्या शोकेसमध्ये उभ्या ठेवलेल्या बाटलीपुरतं ते खोटं आहे, मग तिच्यावर नाव कुणाचंही असो. आणि भारी सीमाशुल्क भरून आलेल्या बाटलीबद्दल हे खोटं महाग पडतं.

हे लातूरवाल्यांनाही कळलेलं असावं. बोर्डोत वाइन पिंपात असतानाच विकायची प्रथा आहे. लातूरने २०१२ साली त्या प्रथेतून बाहेर पडायचं ठरवलं. आता आपल्या तळघरात ठेवून, तयार वाटेल तेव्हा ते बाटल्या बाजारात आणतात. यात व्यापार आहेच. तरी कुणी थांबायचं, या प्रश्नाचं ते एक प्रामाणिक उत्तर आहे.

दुसरा मुद्दा पुराव्याचा. १९७६ साली पॅरिसमध्ये फ्रेंच परीक्षकांनी डोळ्यांआड ठेवलेल्या बाटल्यांतून कॅलिफोर्नियाच्या रेड वाइनला पहिलं ठरवलं. तक्रार आली की बोर्डो अजून कोवळ्या होत्या, वय वाढू द्या मग बघा. २००६ साली त्याच रेड वाइन पुन्हा चाखल्या, तर पहिली पाचही स्थानं कॅलिफोर्नियाची. याचा अर्थ बोर्डो खोटी असा नाही. कुळावरून भविष्य सांगता येत नाही, तीस वर्षं थांबावं लागतं, एवढाच याचा अर्थ.

आता आपल्याकडे या. नाशिक साधारण वीस अंश अक्षांशावर, बोर्डो पंचेचाळीस. आपल्याकडे वेल हिवाळ्यात तसा झोपत नाही. एप्रिलमध्ये एक छाटणी, पावसाळा सरताना दुसरी, आणि काढणी फेब्रुवारी-मार्चकडे, म्हणजे ऊन चढत असताना. साखर लवकर भरते, आम्ल लवकर उतरतं, सालीतलं टॅनिन मागे राहतं. म्हणून इथली बरीचशी रेड वाइन तीन-चार वर्षांत प्यावी अशी होते. हा दोष आहे का? तव्यावरच्या भाकरीला कुणी विचारत नाही की तू उद्यापर्यंत का टिकत नाहीस. दोष तेव्हा होतो, जेव्हा भाकरीला मुरंब्याचं लेबल लावतात.

सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्रातेल्लीची 'सेत्ते' निघते. इटालियनमध्ये फ्रातेल्ली म्हणजे भाऊ, सेत्ते म्हणजे सात. पहिलं साल २००९. तिच्यात कॅबर्नेबरोबर सांजोवेझे हे इटलीचं द्राक्ष आहे. सांजोवेझेचा अंगचा गुण आंबटपणा, आणि उष्ण मुलखात कमी पडतं ते नेमकं तेच. बोर्डोची नक्कल करण्यापेक्षा ही निवड आम्हाला जास्त विचारी वाटते. पण ती वीस वर्षं मुरेल का, याचं उत्तर आज कुणी छातीठोकपणे देऊ नये. त्यासाठी दर सालच्या काही डझन बाटल्या थंड तळघरात ठेवून, दर पाच वर्षांनी नावं झाकून चाखायला हव्यात आणि निकाल वाईट आला तरी छापायला हवेत. भारतीय वाइनला स्तुतीपेक्षा असं दप्तर जास्त उपयोगी पडेल.

आपल्यापुरतं सांगायचं तर, भेट आलेली बाटली पुढच्या पिढीसाठी ठेवू नका. उन्हाळ्याच्या आत उघडा, थोडी गार करून, चार माणसं जमवून. आणि पुढे कुणी एखाद्या वाइनबद्दल, पुस्तकाबद्दल किंवा माणसाबद्दल 'काळाच्या कसोटीला उतरेल' असं म्हणालं, तर तीन प्रश्न विचारा : त्याच्यात काय आहे, ते कुठे ठेवणार, आणि आजवर कुणी थांबून पाहिलंय का?

थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.