‘ख्रिस्तपुराणा’ची पाठराखण

नववधू सासरी निघाली की तिच्यासंगे पाठराखीण जाते. पुस्तकाच्या मलपृष्ठावरील स्तुतिपर मजकुरासही मराठीत ‘पाठराखण’ म्हणतात. इंग्रजीत त्यासाठी असलेला ‘ब्लर्ब’ हा शब्द गेलेट बर्जेस ह्या अमेरिकी विनोदी लेखकाने १९०७ साली थट्टेने प्रचारात आणला. त्याच वर्षी मंगळूर येथे जोसेफ सालढाणा ह्यांनी फादर थॉमस स्टीफन्सकृत ‘ख्रिस्तपुराणा’ची आवृत्ती प्रसिद्ध केली, हा योगायोग आम्हांस मौजेचा वाटतो.

हे पुराण १६१६ साली रायतूर येथे रोमी लिपीत प्रथम छापले गेले. त्याच्या पोर्तुगीज मुखपृष्ठावर स्तुतीचा एक शब्दही नाही. जगाचा तारक येशू ख्रिस्त ह्याच्या आगमनाविषयीचे हे निरूपण आहे, एवढे सांगून खाली इन्क्विझिशन व धर्मप्रांताधिकारी ह्यांच्या परवानगीचा उल्लेख आहे. त्या पहाऱ्याची आम्हांस मुळीच ओढ नाही. तथापि पुस्तकात काय आहे व त्यास जबाबदार कोण, हे त्या पानावर स्पष्ट होते. आजची पाठराखण बहुधा निनावी असते.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या ह्या ग्रंथातून वेष्टनासाठी नेहमी निवडल्या जातात त्या पहिल्या अवस्वरूतील मराठीच्या स्तुतीच्या मोजक्या ओव्या. त्या रसाळ आहेत, ह्यात शंका नाही. परंतु ज्या कार्यासाठी कवीने ही भाषा निवडली ते कार्य वेष्टनावर सहसा येत नाही. जुन्या पुराणांच्या जागी वाचावयास काहीतरी द्या, अशी नवख्रिस्ती श्रोत्यांची मागणी त्याच अवस्वरूत आहे. तीही वगळली जाते. स्टीफन्सची गद्य प्रस्तावना तर अधिकच अडचणीची. ईश्वरी वस्तू सांगावयास मराठी योग्य वाटली, असे तो म्हणतो; लगेच हेही सांगतो की शुद्ध मराठी मध्यम लोकांस कळत नाही, म्हणून मागील कवींचे अवघड शब्द टाकून ब्राह्मणांच्या भाषेतील सोपे शब्द ठायी ठायी मिसळले. ती भाषा म्हणजे कोंकणी, असे अभ्यासक मानतात. गोव्यातील भाषावादात हे वाक्य कोणाच्याही वेष्टनावर सोयीचे नाही!

पेडणे व डिचोली हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज अमलाखाली आले. तेथे मराठी पोथीचे वाचन घराघरांत टिकले. तेथील एखादा हरिभक्त गृहस्थ आमच्या धर्मशिक्षकाच्या हातून हे पुस्तक घेईल तो मलपृष्ठावरील ओव्यांवर भाळून. आत उत्पत्ती, देवदूतांचे पतन, आदाम, पुढे ख्रिस्तचरित्र! ‘फादर, हे आधी का सांगितले नाही?’ असे त्याने विचारल्यास आम्ही काय उत्तर देणार? ख्रिस्ताचे नाव आतल्या पानांत दडवून भाषाप्रेम पुढे करणे ह्यास आम्ही संस्कृतीकरण म्हणत नाही. पुराणाचे रूप घेतानाही स्टीफन्सने आपला विषय लपविला नव्हता.

आमच्याच पुस्तिकांविषयीही थोडे बोलले पाहिजे. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८२७ व्या कलमान्वये धर्मशिक्षणाच्या पुस्तकांस धर्मप्रांताधिकाऱ्यांची संमती लागते. ह्या संमतीचा अर्थ पुस्तक श्रद्धेस व नीतीस बाधक नाही, इतकाच. ते उत्तम आहे असा नव्हे. तरी ‘महागुरूंनी गौरविलेले’ अशा थाटात ती ठळक टाइपात छापलेली आम्ही पाहिली आहे.

धर्मशिक्षकांसाठी ‘ख्रिस्तपुराणा’तील निवडक अवस्वरूंची देवनागरी पुस्तिका काढावयाची झाल्यास मलपृष्ठावर त्या गद्य प्रस्तावनेचाच मजकूर घ्यावा, मिसळलेल्या शब्दांच्या कबुलीसह, आणि खाली स्टीफन्सचे नाव असावे.