बेचिराख स्थळें आणि एक चित्रमालिका

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें ‘लाइफ आफ्टर पीपल’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिका आम्हांस आग्रहानें दाखविली. ‘हिस्टरी’ नांवाच्या वाहिनीनें इ. स. २००८ च्या जानेवारींत याच नांवाचा एक दीर्घपट प्रसृत केला; त्यास मिळालेला लोकाश्रय पाहून २००९ च्या एप्रिलपासून मालिका सुरू झाली आणि २०१० पर्यंत तिचे दोन खंड निघाले. विषय एका वाक्यांत सांगतां येईल. पृथ्वीवरील सर्व माणसें एका क्षणीं नाहींशीं झालीं, तर त्यांनीं बांधलेल्या वास्तूंचें पुढें काय होईल? या कल्पनेस आधार म्हणून माणसांनीं खरोखरच सोडलेलीं कांहीं स्थळें मालिकेंत आणलीं आहेत. तेवढ्या भागाविषयींच आम्ही लिहिणार आहों. पडके वाडे, ओस कोट आणि धनी हरपलेलीं दप्तरें यांत ज्यांचे दिवस जातात, त्या आमच्या वाचकांचा संबंध तेवढ्याच भागाशीं आहे. बाकीचा कल्पनाविलास ज्यानें त्यानें आपल्या रुचीप्रमाणें पाहावा.

गुण प्रथम सांगितले पाहिजेत. खाऱ्या हवेनें काँक्रीटच्या पोटांतील लोखंड गंजतें, गंजून फुगतें आणि भोंवतालचें काँक्रीट आंतून फोडतें, ही क्रिया स्थापत्यविशारदांच्या तोंडून इतकी स्वच्छ समजाविली आहे कीं, आम्हांसारख्या शास्त्रानभिज्ञासहि ती कळली. झाडांचीं मुळें भिंतींत कशीं शिरतात हें मात्र ज्यानें एकदां तरी तटावरचा पिंपळ पाहिला आहे त्यास नव्यानें सांगावयास नको. खटकते ती खऱ्याची आणि कल्पिलेल्याची सरमिसळ. एक चित्र प्रत्यक्ष स्थळीं घेतलेलें, लागलेंच दुसरें संगणकावर रचलेलें, आणि दोहोंवर निवेदकाचा सूर एकच. मूळ पाठांत क्षेपक श्लोक मिसळून दोहोंस सारखाच मान देणाऱ्या पोथीलेखकास आपण काय म्हणतों, तें वाचकांनीं येथें आठवावें.

परंतु आमचा मुख्य आक्षेप याहून खोल आहे. माणसें कशीं नाहींशीं झालीं ही आपली गोष्ट नव्हे, त्यांच्या मागें काय उरतें ही आपली गोष्ट, असें मालिका आरंभींच बजावते. कल्पित प्रलयापुरती ही अट आम्ही मान्य करूं. तीच अट खऱ्या स्थळांवर लादली कीं घोटाळा होतो. नैयायिकांचें म्हणणें असें कीं, अभाव हा नेहमीं कशाचा तरी असतो, आणि ज्याचा अभाव त्या प्रतियोग्याचें ज्ञान नसेल तर अभावाचेंहि ज्ञान होत नाहीं. ‘येथें घट नाहीं’ हें वाक्य ज्यास घट ठाऊक आहे त्यासच बोलतां येतें. मग ‘येथें कोणी नाहीं’ असें तासतासभर दाखविणाऱ्यास ‘कोण नाहीं?’ हा प्रश्न कसा टाळतां येईल?

मालिकेच्या पहिल्याच भागांत जपानमधील हाशिमा बेट येतें. नागासाकीनजीकच्या समुद्रांतील या खडकाचें क्षेत्रफळ, घातलेला भराव धरून, सुमारें साडेपंधरा एकर. समुद्रतळाखालच्या दगडी कोळशासाठीं मित्सुबिशी कंपनीनें तें १८९० सालीं घेतलें. १९१६ सालीं तेथें काँक्रीटची बहुमजली चाळ उभी राहिली. त्या जातीची जपानांतील ती पहिली समजतात. पुढें चाळीस चाळ भिडत जाऊन १९५९ सालीं एवढ्याशा तुकड्यावर ५,२५९ माणसें राहत होतीं. दुरून युद्धनौकेसारखें दिसतें म्हणून लोक त्यास गुन्कानजिमा, म्हणजे युद्धनौका-बेट, म्हणूं लागले. कोळशाची जागा खनिज तेलानें घेतली, १९७४ च्या जानेवारींत खाण बंद झाली, आणि २० एप्रिल रोजीं शेवटचे रहिवासी बेट सोडून गेले.

मालिकेच्या लेखीं हाशिमा म्हणजे पस्तीस वर्षें माणसावांचून राहिलेल्या काँक्रीटचा एक नमुना. या बेटावर झाडें लावण्याजोगी माती नव्हती. रहिवाशांनीं ती मुख्य भूमीवरून आणवून गच्च्यांवर बागा केल्या होत्या. तेव्हां अशा गच्चीवरच्या गवताकडे बोट दाखवून निसर्गानें आपलें परत मिळविलें असें म्हणण्यापूर्वीं, तेथील माती कोणी वर नेली हें सांगणें जरूर होतें. ही झाली लहान गोष्ट.

मोठी गोष्ट वेगळीच आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत कोरियन आणि चिनी मजूर इच्छेविरुद्ध आणून येथील खाणींत राबविले गेले. बेटावरील १९२५ ते १९४५ या काळांतील मृतांच्या दाहसंस्कारास परवानगी मागणारे अर्ज १९८० नंतरच्या दशकांत उजेडांत आले आणि नागासाकीच्या कांहीं नागरिकांनीं त्यांचा अभ्यास केला. त्यांवरून मृतांची गणना झाली ती अशी : जपानी १,१६२, कोरियन १२२, चिनी १५. कोरियनांचा आंकडा सर्वस्वीं सक्तीच्या मजुरांचा समजूं नये, कारण नोंदी १९२५ पासूनच्या आहेत आणि सक्ति पुढची; इतकी सावधगिरी आपल्या शास्त्रास शोभते. पण हे अर्ज कोणीं इतिहासासाठीं लिहिले नव्हते. प्रेत दहन करावयाचें, त्यास परवाना हवा, मरणाचें कारण लिहावयास हवें, म्हणून लिहिले. अशा कागदाची साक्ष दहा बखरींहून बळकट असते हें मंडळाच्या सभासदांस आम्हीं सांगावयास नको. चाळींच्या भिंती शंभर वेळां तपासल्या तरी या १,२९९ मृतांपैकीं एकाचाहि पत्ता त्यांतून लागणार नाहीं.

पुढें २०१५ सालीं जर्मनींतील बॉन येथें जागतिक वारशाच्या यादींत इतर स्थळांबरोबर हाशिमाचाहि समावेश झाला. त्या वेळीं जपानच्या प्रतिनिधीनें, १९४० नंतरच्या दशकांत यांपैकीं कांहीं स्थळीं पुष्कळ कोरियन व इतर लोक इच्छेविरुद्ध आणून कठोर स्थितींत राबविले गेले, हें सभेपुढें मान्य केलें आणि त्यांचें स्मरण राखण्याची हमी दिली. २०२० सालीं तोकियोंत माहितीकेंद्र उघडलें. २०२१ सालीं वारसा-समितीनें ती हमी पुरती पाळली गेली नाहीं म्हणून तीव्र खेद नोंदविला. (गंमत अशी कीं, यादींतील वारशाचा काळ १९१० सालापर्यंतचा असल्यानें, मालिकेनें ज्यांचें इतकें कौतुक केलें त्या काँक्रीटच्या चाळी त्या वारशाच्या मोलांत धरलेल्याच नाहींत.) पन्नास वर्षें एकहि मनुष्य ज्यावर राहिला नाहीं त्या बेटावरून दोन राष्ट्रें भांडतात, आणि भांडण आहे तें तेथें कोण होतें याचें. मालिका २००९ सालची. २०१५ चा वाद तिला ठाऊक असणें शक्य नव्हतें हें आम्ही जाणतों. दाहसंस्काराचे अर्ज मात्र तिच्या आधीं वीस वर्षें उपलब्ध होते.

आमच्याकडील जुन्या कागदांत ओस गांवास ‘बेचिराख’ म्हणतात. मूळ फारसी शब्द बे-चिराग. ज्यांत दिवा लागत नाहीं असें गांव. दिवा विझला म्हणून दप्तरांतून गांव जात नाहीं. वसूल शून्य, तरी नांव तेंच आणि शिवेचे कज्जे तेच. परागंदा पाटलाचा वंशज केव्हां तरी उगवून वतन मागतो. सरकार कौल देतें, इस्ताव्यानें सारा हळूहळू चढवीत नेतें, आणि पांढरीवर पुन्हां धूर निघूं लागतो. तें लिहिणाऱ्या कारकुनास सौंदर्यदृष्टि होती असें आम्ही म्हणत नाहीं. पण गांव दुष्काळानें उठलें, फौजेच्या धामधुमीनें कीं मरीनें, आणि रयत कोणाच्या मुलखांत गेली, हें त्यास विचारावें लागे, कारण रयत परत आणावयाची असे. या एका शब्दांत जेवढा इतिहास आहे तेवढा आम्हांस मालिकेच्या कित्येक भागांत मिळाला नाहीं.

कोणी म्हणेल, निसर्गशास्त्राच्या मालिकेकडून आपण भलतीच अपेक्षा करतां. तसें असेल तर खऱ्या स्थळांस हात लावूं नये, किंवा वाहिनीच्या नांवांतून ‘हिस्टरी’ हा शब्द तरी काढावा. मूळ दीर्घपटांतील प्रिप्यात नगर घ्या. १९७० सालीं वसलेल्या त्या नगरांतील सुमारें ४९,००० माणसें चेर्नोबिलच्या स्फोटानंतर, २७ एप्रिल १९८६ रोजीं, हजाराहून अधिक बसगाड्यांत घालून एका दुपारांत हलविलीं गेलीं. ‘थोड्या दिवसांसाठीं’ असें त्यांस सांगण्यांत आलें. अणुकेंद्रावरील कामगारांसाठीं स्लावुतिच हें नवें नगर बांधावें लागलें. आसपासच्या खेड्यांतील कांहीं वृद्ध तर बंदी मोडून आपल्या घरीं परतले. माणसावांचून निसर्ग कसा फोफावतो याचा हा दाखला खरा, पण तेथें माणसावांचून असें सर्वस्वीं झालेंच नाहीं.

आणि ही अपेक्षा अवघडहि नव्हे. याच कल्पनेवर २००७ सालीं ॲलन वाइझमन यांचा ‘द वर्ल्ड विदाउट अस’ हा ग्रंथ निघाला. त्यांत सायप्रसमधील वारोशाचें प्रकरण आहे. १९७४ च्या ऑगस्टांत तुर्की फौज आली आणि तेथील ग्रीक रहिवासी घरें टाकून पळाले. वाइझमन गंजलेल्या नळांचें आणि फुटलेल्या फरशांचें वर्णन मालिकेइतकेंच हौसेनें करतात, पण तेथें पाऊल ठेवलेल्या माणसांच्या तोंडून करतात, आणि नगर कोणाचें होतें हें वाचकास विसरूं देत नाहींत.

हाशिमावरील त्या अर्जांच्या छायाप्रती किंवा त्यांचें इंग्रजी भाषांतर सभासदांपैकीं कोणाच्या पाहण्यांत आलें असल्यास त्यांनीं या त्रैमासिकाकडे टिपण पाठवावें. मालिकेचा पहिला भाग त्यांच्याशीं ताडून पुन्हां एकदां पाहावा असें आमच्या मनांत आहे.