गोष्टीपलीकडचे कपाट : वर्गवाचनालये आणि मुलांसाठीचे कथेतर लेखन

मुलांच्या ज्या पुस्तकांत गोष्ट नसते त्यांना मराठीत धड नाव नाही. 'ललितेतर' म्हटले की ते पुस्तक काय नाही एवढेच कळते. 'कथेतर'चेही तेच. 'माहितीपर' हा शब्द चांगला रुळला आहे, पण माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान त्यानेच केले. माहितीपर पुस्तक लिहायचे ठरले की लेखक माहितीची टोपली भरून आणतो, मुलापुढे रिकामी करतो आणि उठतो. मुलाने त्या माहितीचे काय करावे, ती खरी कशावरून मानावी, हा विषयच निघत नाही. या लेखात मी 'कथेतर' हा शब्द वापरणार आहे, तोही दुसरा बरा सापडला नाही म्हणून.

करवीर, पन्हाळा, कागल या तालुक्यांतल्या प्राथमिक शाळांत जाण्याचा योग अधूनमधून येतो. अशा वेळी मुलांशी बोलण्याआधी मी वर्गातले कपाट पाहून घेते. कुठे कपाट असते, कुठे खिडकीच्या गजाला बांधलेल्या दोरीवर पुस्तके वाळत घातल्यासारखी लटकत असतात. (दोरी मला जास्त आवडते, तिला कुलूप लागत नाही.) पुस्तके मात्र बहुतेक ठिकाणी एकाच घराण्यातली. इसापनीती, पंचतंत्र, अकबर-बिरबल, तेनालीराम, बोधकथांचे संच. मग थोरांची चरित्रे. मग सामान्यज्ञानाची प्रश्नोत्तरे आणि शिष्यवृत्ती परीक्षेची मार्गदर्शके. अलीकडे छान चित्रांची गोष्टींची पुस्तकेही दिसू लागली आहेत, याचा आनंद आहे. पण कोळी जाळे कसे विणतो, विहिरीला पाणी कुठून येते, रस्ता कसा बांधतात, नकाशा कोण काढतो, असले पुस्तक शोधावे लागते. सापडले तर ते बहुधा तळाच्या फळीवर असते, आणि कोरे करकरीत असते.

गंमत अशी की कायद्याने याच्या नेमके उलटे अपेक्षिले होते. २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेत ग्रंथालय हवे असे म्हटले आहे. त्यात वर्तमानपत्रे, मासिके आणि सर्व विषयांवरची पुस्तके असावीत, गोष्टींची पुस्तकेही त्यांत यावीत, असा त्या कलमाचा आशय आहे. म्हणजे कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात मुख्य पंगत सर्व विषयांची होती आणि गोष्टीला तीत पान मांडलेले होते. आपण सगळी पंगत गोष्टीला दिली आणि बाकीच्या विषयांना ओसरीवर बसवले.

हे केवळ आपल्याकडेच घडते असे नाही. अमेरिकेत नेल ड्यूक यांनी बोस्टन परिसरातल्या पहिलीच्या वीस वर्गांचे निरीक्षण करून २००० साली जो अभ्यास प्रसिद्ध केला तो या विषयात नेहमी उद्धृत होतो. त्या वर्गांत कथेतर मजकुरावर दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे खर्च होत होती, आणि वर्गवाचनालयांत अशी पुस्तके साधारण दहात एक होती. गरीब वस्त्यांतल्या वर्गांत वाटा आणखी कमी होता. यातला शेवटचा भाग मला महत्त्वाचा वाटतो. ज्या घरात विश्वकोश नाही, वर्तमानपत्र येत नाही, त्या घरातल्या मुलाला जग समजावून सांगणारे पुस्तक भेटण्याची जागा शाळा हीच. तिथेही ते नसेल तर पाचवीनंतर विज्ञान-भूगोलाची भाषा त्याच्या अंगावर एकदम कोसळते, आणि मग आपण म्हणतो, पोराला वाचता येते पण समजत नाही.

मराठीत याची परंपरा नव्हती असे मात्र कोणी म्हणू नये. मराठीतले मुलांसाठीचे लेखन सुरूच झाले ते ज्ञान देण्याच्या उमेदीतून. 'दर्पण'कार बाळशास्त्री जांभेकरांनी १८४० साली 'दिग्दर्शन' काढले ते मराठी वाचकाला शास्त्रे आणि भूगोल-इतिहास कळावेत म्हणून, आणि शाळेसाठी पुस्तकेही त्यांनी लिहिली. विनायक कोंडदेव ओकांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक सुरू केले आणि १९१४ साली त्यांचे निधन होईपर्यंत ते चालवले. चरित्र, कविता, निबंध, शास्त्रीय विषय अशी त्याची मांडणी असे. १९२८पासून 'सृष्टिज्ञान' आहे. १९७१पासून बालभारतीचे 'किशोर' आहे. म्हणजे दीडशे-पावणेदोनशे वर्षांची वाट आहे.

मग बिनसले कुठे? माझा तर्क असा. ओकांच्या पिढीचे लेखन वडीलधाऱ्याच्या आवाजात होते. 'मुलांनो, ऐका' हा त्याचा सूर. विसाव्या शतकात मुलांसाठी लिहिणाऱ्या चांगल्या लेखकांनी या सुराविरुद्ध बंड केले आणि ते गोष्टीच्या, कवितेच्या, नाटुकल्याच्या क्षेत्रात केले. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे कोणाचा उपदेश ऐकत बसत नाही. पुढे माधुरी पुरंदरे यांच्या चित्रपुस्तकांतली मुले तर खरीखुरी, घरातली, हट्टी, विचार करणारी. बंड यशस्वी झाले आणि प्रतिभेची माणसे तिकडे गेली. कथेतर लेखन जुन्याच आवाजात मागे राहिले. त्याची छपाई बदलली, कागद गुळगुळीत झाला, पण बोलणारा अजून खुर्चीवर बसून बोट वर करूनच बोलतो. मूल गोष्टीकडे धावते याचे कारण त्याला सत्य नको असते हे नव्हे; गोष्टीत त्याच्याशी कोणीतरी बरोबरीने बोलत असते.

आता कोल्हापूरचेच उदाहरण घेऊ. पावसाळ्यात इथल्या प्रत्येक घरात दोन आकडे बोलले जातात. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी चढले की ते आपोआप उघडतात, आणि 'किती उघडले?' हा प्रश्न किराणा दुकानापासून एसटीपर्यंत ऐकू येतो. २००५, २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेल्या घरांतली मुले हे आकडे पाढ्यासारखे म्हणतात. पण ३९ फूट कुठून मोजायचे? शून्य कुठे आहे? माणसाचा हात न लागता दरवाजा उघडतो म्हणजे नेमके काय होते? आज दरवाजा उघडला तर ते पाणी आपल्या गल्लीच्या टोकाला केव्हा पोचेल? आठ-दहा वर्षांच्या मुलाला हातात धरून वाचता येईल असे, या प्रश्नांवरचे मराठी पुस्तक मी पाहिलेल्या एकाही कपाटात नव्हते. ज्याच्या घरात पाणी शिरते त्या मुलाला पाण्याविषयी जलपरीची गोष्ट मिळते, फार तर 'पाणी हेच जीवन' नावाचा निबंध.

पंचगंगा या नावातच एक पुस्तक आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि पाचवी सरस्वती. प्रयाग चिखलीला जाऊन मुलाने पाहिले तर पाचवी दिसत नाही. ती गुप्त मानतात. वाईट पुस्तक इथे दोनपैकी एक करते. पाच नावे देऊन पाठ करायला सांगते, किंवा पाचवी म्हणजे अंधश्रद्धा म्हणून हात झटकते. चांगले पुस्तक मुलाला नकाशा देईल, नद्या मोजायला लावेल, मग लोक गुप्त नदी का मानत असतील हे आजीला विचारायला पाठवेल. पाहिलेले, मोजलेले आणि लोक मानतात ते, या तीन गोष्टी वेगळ्या असतात आणि तिन्हींविषयी आदराने बोलता येते, हे मुलाला अशा एका पुस्तकातून जितके कळेल तितके दहा पाठांतून कळणार नाही.

माझी कथेतर पुस्तकाची कसोटी इथूनच आली आहे. 'हे कशावरून?' असे मुलाने विचारले तर पुस्तकाजवळ उत्तर आहे का, हे मी पाहते. बाकीच्या गोष्टी म्हणजे रंगीत चित्रे, जाड पुठ्ठा, अनुक्रमणिका या हव्यातच. चित्राखाली ओळ नसली तर मी चिडतेही. पण डायनासोरचा रंग अमुक होता असे बेधडक सांगणाऱ्या देखण्या भाषांतरित पुस्तकापेक्षा, हाडांवरून काय कळते आणि काय कळत नाही हे सांगणारे काळ्या-पांढऱ्या चित्रांचे पुस्तक मी आधी उचलीन. अरविंद गुप्तांची पुस्तके या कसोटीला सहज उतरतात, कारण ती मुलाला काहीतरी करून बघायला लावतात आणि केलेले फसले तर तेही दिसते. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली काही जुनी, स्वस्त पुस्तके आजही टिकून आहेत. काहींची भाषा मात्र इतकी सरकारी की शिक्षकालाच दम लागावा. 'प्रकाशसंश्लेषण' हा शब्द मुलाला जड जातो असे मला वाटत नाही. तो शब्द येण्याआधी पानाला हात लावायला कोणी सांगत नाही, हे जड जाते.

चरित्रांचे काय? कपाटातली कथेतर म्हणावीत अशी पुस्तके जास्तीत जास्त हीच, म्हणून त्यांच्याविषयी बोलले पाहिजे. बहुतेकांचा साचा एक. हुशार बालपण, गरिबी किंवा संस्कारी आई, कष्ट, यश, पुरस्कार. जयंत नारळीकरांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरचा, म्हणून इथे त्यांचे नाव अभिमानाने घेतले जाते. (त्यांच्या 'चार नगरांतले माझे विश्व' या आत्मचरित्रातल्या चार नगरांत कोल्हापूर नाही, ही गोष्ट आपण कोल्हापूरकर जरा हळू आवाजात सांगतो.) मुलांसाठीच्या छोट्या चरित्रात ते 'थोर खगोलशास्त्रज्ञ' असतात आणि पान संपते. पण विश्वाचा आरंभ एका महास्फोटात झाला या बहुमान्य मताशी या माणसाने फ्रेड हॉईल यांच्यासोबत आणि नंतरही आयुष्यभर वाद घातला, तो निरीक्षणे आणि गणित घेऊन घातला, आणि बहुसंख्य शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने नसतानाही घातला, हे दहा वर्षांच्या मुलाला सांगण्यासारखे आहे. ते गाळले की उरतो तो पुतळा.

इथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. स्थानिक, स्थानिक करून आपण मुलाला कोल्हापुरातच कोंडणार का? अजिबात नाही. कागलच्या मुलीला ध्रुवीय अस्वलाचा तेवढाच हक्क आहे. तिसरीच्या परिसर अभ्यासात जिल्हा शिकवायची पद्धत आपल्याकडे आहेच, आणि त्या पुस्तकांतून जिल्हा बहुधा यादी होऊन येतो: नद्या, पिके, प्रेक्षणीय स्थळे. मला तशी यादी कपाटात पुन्हा नको आहे. गुऱ्हाळावरचे पुस्तक असावे, आणि त्यात गुळव्याला काहिलीतला रस नेमका केव्हा उतरवायचा हे कसे कळते, रसात भेंडीचा चीक का घालतात, चुलवाणाचा जाळ कमी-जास्त झाला तर काय बिघडते हे असावे. असे पुस्तक वाचलेले मूल ध्रुवावरच्या अस्वलाविषयीही बरे प्रश्न विचारते, असा माझा अनुभव आहे.

हे अशक्य नाही हे कोल्हापूरला सांगायची खरे तर गरज नसावी. लीलाताई पाटील यांनी १९८५ साली इथे सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांचा अनुभव हाच शिकण्याचा विषय कसा होतो हे वर्षानुवर्षे करून, लिहून दाखवले. करवीर तालुक्यातल्या एका छोट्या शाळेत मी मुलांनीच केलेले एक पुस्तक पाहिले आहे. पाठकोऱ्या कागदांचे, सुतळीने शिवलेले. प्रत्येक मुलाने घरच्यांना विचारून महापुराचे पाणी घरात कुठवर आले ते लिहिले होते. कोणी चित्र काढले होते, कोणी आपल्या उंचीशी तुलना केली होती. एकाच वाड्यातल्या दोन भावंडांची उत्तरे जुळत नव्हती. बाईंनी कोणाचेही खोडले नव्हते. शेजारी फक्त 'भिंतीवरची खूण बघून या' असे पेन्सिलीने लिहिले होते. कपाटातले ते सर्वांत मळलेले पुस्तक होते.

पण असे पुस्तक शाळेच्या दप्तरी पुस्तक ठरत नाही. दप्तरी ठरते ते डेडस्टॉक रजिस्टरला चढलेले. त्या रजिस्टरच्या धाकाने कितीतरी शिक्षक कपाटाला कुलूप लावतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. हरवलेल्या पुस्तकाचा जाब त्यांनाच द्यावा लागतो. समग्र शिक्षा योजनेत ग्रंथालयासाठी शाळेच्या स्तरानुसार वर्षाला पाच ते वीस हजार रुपयांची तरतूद ठेवलेली आहे. पाच हजार म्हणजे शंभर रुपयांची पन्नास पुस्तके. चार वर्ग असतील तर वर्गाला बारा. ही बारा कोणती हे त्या वर्गाच्या शिक्षकाने ठरवले तर बारासुद्धा पुष्कळ होतात. वरून संच आला तर त्यात पुन्हा बिरबल.

ज्या गावात १८५० साली करवीर नगर वाचन मंदिर सुरू झाले, ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत करण्याचा हुकूम काढला, ज्या संस्थानाने १९४५ साली, म्हणजे मद्रास प्रांताच्याही तीन वर्षे आधी, सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तिथे मागणी कोणापुढे मांडायची हा प्रश्न पडू नये. माझी मागणी दोनच गोष्टींची आहे. वर्गाच्या बारा पुस्तकांतली निम्मी कथेतर असावीत आणि ती निवडण्याचा अधिकार, तसेच फाटलेली पुस्तके रजिस्टरमधून कमी करण्याचा अधिकार, वर्गशिक्षकाला असावा. आणि आपल्या लेखकांपैकी, दिवाळी अंकांत लिहिणाऱ्यांपैकीसुद्धा, कोणीतरी पुढच्या पावसाळ्याआधी राजाराम बंधाऱ्यावर जाऊन, पातळी मोजणाऱ्या माणसाशी बोलून, चोवीस पानांचे एक पुस्तक लिहावे. त्याचा पहिला वाचक मी व्हायला तयार आहे, आणि मुद्रितेही तपासून देईन.