आधी गाणं सांगा

अमेरिकन गायिका-गीतकार ज्युडी सिल कशी मेली हे आता सगळ्यांना पाठ आहे. सुधारगृह, दुकानांवरचे दरोडे, हेरॉइन, १९७९ साली पस्तिसाव्या वर्षी मृत्यू. तिच्यावरचा ‘लॉस्ट एंजल’ हा माहितीपट आल्यापासून कुणी कुणाला तिचं नाव सुचवलं की आधी हा पाढा म्हटला जातो आणि शेवटी, निघता निघता, ‘गाणीही अप्रतिम आहेत’ एवढं चिकटवलं जातं. कोणती गाणी, त्यांत काय घडतं, चाल कुठून निघून कुठे पोचते, याबद्दल चकार शब्द नाही. उभी हयात जोनी मिचेल आणि सँडी डेनी ऐकण्यात घालवलेल्या जाणत्या माणसांकडूनही हेच कानावर येतं, तेव्हा गप्प बसवत नाही.

कारण ज्युडी सिलबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे आणि ते सगळं तिच्या दोन रेकॉर्डांत आहे. दुसरी रेकॉर्ड ‘हार्ट फूड’ (१९७३) घ्या. तिच्यातल्या वाद्यवृंदाचं स्वरलेखन तिने स्वतः केलं आणि वादकांसमोर उभं राहून ते स्वतःच वाजवून घेतलं. ‘द किस’ हे पियानोवरचं गाणं कान देऊन ऐकावं. चाल आता विसावेल अशी खात्री वाटते, नेमक्या त्या क्षणी खालचा मंद्र स्वर सरकतो, आणि वरचा तोच स्वर, न हलता, वेगळ्याच अर्थाने ऐकू येऊ लागतो. गाताना ती कुठेही जोर लावत नाही, स्वराला हेलकावा देत नाही. सगळा भाव त्या सरकण्यात आहे. ‘द डोनर’मध्ये तर तिने आपल्याच आवाजाचे थर एकावर एक चढवले आहेत. एक आवाज ओळ अर्धी टाकतो तोवर दुसरा ती उचलतो, तिसरा मागून येतो, आणि आठेक मिनिटांत एका बाईच्या गळ्यातून अख्खं चर्च उभं राहतं. बाख, पायथागोरस आणि रे चार्ल्स यांना ती आपले गुरू मानायची. ही तीन नावं एका दमात ऐकली की विचित्र वाटतात. ‘द डोनर’ ऐकल्यावर ती तिन्ही पटतात: एकमेकांत गुंफलेल्या चाली बाखच्या, स्वरांमागच्या गणितावरची श्रद्धा पायथागोरसची, आणि सुधारगृहाच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवताना अंगात मुरलेली गॉस्पेलची ऊब रे चार्ल्सची.

हे कुणी सांगत नाही. सांगतात ते हेरॉइन.

गेल्या वीसेक वर्षांत अशा ‘हरवलेल्या’ गायिकांची रांगच लागली आहे. स्वतःची गाणी स्वतः लिहून गाणाऱ्या, एखादीच रेकॉर्ड काढून किंवा तीही न काढता बाजूला झालेल्या बायका. प्रत्येकीच्या नावाला एक गोष्ट जोडलेली असते आणि नावापेक्षा गोष्टच जास्त फिरते. वॅश्टी बनियन घोडागाडीने स्कॉटलंडच्या हेब्रिडीज बेटांकडे निघाली. लिंडा पेरहॅक्स दातांच्या दवाखान्यात काम करायची आणि तिथल्याच एका पेशंटने, लिओनार्ड रोझनमन या चित्रपट-संगीतकाराने, तिची रेकॉर्ड काढली. सिबिल बायरने सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला घरच्या टेपवर गाणी भरली आणि मुलाने ती पुढे आणल्यावर २००६ साली जगाने ऐकली. कॉनी कॉन्व्हर्स १९७४ च्या ऑगस्टमध्ये आपल्या फोक्सवॅगनमधून अॅन आर्बर सोडून निघून गेली, ती कायमची.

या गोष्टी खऱ्या आहेत आणि मनाला भिडतातही. पण त्यांनी गाण्यांचं काय केलं ते पाहा. कॉन्व्हर्सबद्दल हमखास ऐकू येणारं वाक्य म्हणजे ‘डिलनच्या आधीची डिलन’. जीन डाइच या कार्टूनपटकाराच्या घरी १९५४ साली तिने जी गाणी भरली, त्यांचा डिलनशी काडीचा संबंध नाही. गिटारवर ती जे स्वरमेळ वाजवते ते पियानोवाल्या माणसाचे आहेत, ओळींची वळणं ब्रॉडवेच्या जुन्या गीतकारांसारखी घट्ट आहेत, आणि एकटेपणाबद्दल ती अशा प्रसन्न, हजरजबाबी सुरात बोलते की ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा ऐकल्यावर कळतं आपण काय ऐकलं. पुढे तिने पियानोच्या साथीवर गायची गंभीर गीतंही रचली. डिलनच्या घड्याळावर तिची वेळ लावली की हे सगळं पुसलं जातं, उरते फक्त ‘वेळेआधी आलेली’ एक बिचारी बाई. ती बिचारी नव्हती. तिला ऐकायला माणसं नव्हती, ही त्या काळातल्या न्यू यॉर्कची गोष्ट झाली, तिची नव्हे.

मॉली ड्रेकचं तेच. तिचा जन्म रंगूनचा. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्यावर ती दिल्लीला आली आणि तिथे बहिणीबरोबर आकाशवाणीवर गायली. आपल्याला तरी या धाग्याचं अप्रूप वाटायला हवं होतं. पण आपणही तिची ओळख करून देतो ती ‘गायक निक ड्रेकची आई’ म्हणून. पन्नासच्या दशकात तिने घरच्या पियानोवर ही गाणी म्हटली. एक कडवं, दुसरं कडवं, संपलं. इतक्या थोड्यात इतका नेमका विषाद मुलालाही क्वचितच साधला.

आणि वॅश्टी बनियन! १९७० च्या त्या एका रेकॉर्डची घोडागाडी अजून थांबायला तयार नाही. बाईंनी २००५ मध्ये ‘लुकआफ्टरिंग’ आणि २०१४ मध्ये ‘हार्टलीप’ काढला. ‘हार्टलीप’ची बांधणी बरीचशी स्वतः, घरी बसून केली. ते दोन्ही अल्बम पहिल्यापेक्षा उजवे आहेत असं माझं ठाम मत आहे. सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई आईपण, वार्धक्य आणि आठवण यांवर लिहिते तेव्हा तिला पंचविशीतल्या स्वप्नाळूपणापेक्षा जास्त काही कळलेलं असतं. तरी शिफारस होते ती जुन्याच रेकॉर्डची, कारण ‘ती परत आली आणि अधिक चांगलं काम केलं’ ही गोष्ट आपल्याला गोष्ट वाटत नाही.

पुरावा हवा तर कॅरन डाल्टन पाहा. मोठी गायिका, वादच नाही. पण तिच्या हयातीत निघालेल्या दोन रेकॉर्डांवर तिचं स्वतःचं एकही गाणं नाही. तरीही ‘दुर्लक्षित गायिका-गीतकारां’च्या प्रत्येक यादीत ती असतेच. यादी गाण्यांवरून नव्हे, गोष्टीवरून बनते हे यावरून उघड व्हावं.

आता ज्यांच्याबद्दल कुणीच सांगत नाही त्यांच्याकडे येतो. या हरवल्या नाहीत. काम करत राहिल्या, म्हाताऱ्या झाल्या, गात राहिल्या. गोष्टीच्या बाजारात त्यांना भाव नाही.

हेझल डिकन्स ही वेस्ट व्हर्जिनियातल्या खाणींच्या मुलखातली. बाल्टिमोरला येऊन तिने कारखान्यांत काम केलं. भाऊ खाणीतल्या धुळीने फुप्फुसं निकामी होऊन गेला, त्याच्यावर तिने ‘ब्लॅक लंग’ लिहिलं. हे गाणं तिने बिनसाथीचं म्हटलेलं ऐका. आवाज गोड नाही. नाकातून येतो, कडेला धार आहे, आणि शब्दाच्या शेवटी तो उचकीसारखा वर तुटतो. आपल्याकडे ज्याला ‘लावून म्हणणं’ म्हणतात ते इथे अजिबात नाही. दुःख ऐकवायचं नाही, आरोप ऐकवायचा आहे, म्हणून स्वर सरळ, सपाट ठेवलेला. अॅलिस जेरार्डबरोबर गाताना ती वरचा सूर धरायची. ब्लूग्रास या अमेरिकन लोकसंगीताच्या शैलीत ती जागा पुरुषांची मानलेली. १९६५ मध्ये या दोघींची पहिली रेकॉर्ड निघाली, तेव्हा दोन बायका पुढे उभ्या राहून पुरुषांच्या जागा घेतात हेच नवल होतं. बार्बरा कोपलच्या ‘हार्लन काउंटी यूएसए’ या १९७६ च्या माहितीपटात डिकन्सची गाणी आहेत. संपावरच्या खाणकामगारांच्या चेहऱ्यांवर तो आवाज येतो तेव्हा ‘प्रतिरोधाचं गाणं’ हा शब्दप्रयोग किती ढिला झाला आहे ते कळतं. २०११ मध्ये ती गेली, वयाप्रमाणे गेली. म्हणून तिची आठवण काढायची गरज कुणाला वाटत नाही.

एलिझाबेथ कॉटन डावखुरी. भावाचा बँजो आणि मग गिटार तिने उलटी धरली, पण तारा बदलल्या नाहीत. त्यामुळे अंगठ्याकडे चाल आली आणि बोटांकडे खर्ज. या उलट्या हातातून जी घरंगळती लय निघाली, ती शिकायला पुढे सगळ्या गिटारवाल्यांनी धडपड केली. ‘फ्रेट ट्रेन’ तिने बारा-तेरा वर्षांची होण्याआधीच रचलं असं ती सांगायची. मग लग्न, चर्च, घरकाम, आणि कित्येक दशकं गिटार बंद. वॉशिंग्टनमध्ये लोकसंगीतातल्या सीगर कुटुंबाच्या घरी ती कामाला होती, तिथे भिंतीवरची गिटार तिने पुन्हा हातात घेतली. तिथून ते गाणं इंग्लंडला पोचलं, आणि पन्नासच्या दशकात तिथल्या दोन पुरुषांनी ते आपल्या नावावर केलं. हक्क परत मिळवायला झगडावं लागलं. ही गोष्ट कुणी सांगत नाही, कारण तिच्यात गूढ नाही. तिच्यात एक कागद आहे, त्यावर खोटी नावं आहेत, आणि ज्या गाण्यावर दुसरे कमावत होते त्या गाण्याची मालकीण लोकांच्या घरी स्वयंपाक करत होती.

केंटकीची जीन रिची खाणींच्या विरोधातली आपली गाणी ‘थॅन हॉल’ या पुरुषी नावाने छापायची. राजकारणापासून लांब असलेल्या आईला त्रास नको, आणि पुरुषाचं नाव असलं तर लोक अधिक मान देतील, हा तिचा हिशेब. म्हणजे कर्तीला लपावं लागत होतं. आज आपण लपलेल्यांचा शोध घेतल्याचा आनंद साजरा करतो, पण लपावं कुणामुळे लागलं हा प्रश्न मात्र सोयीस्करपणे टाळतो.

‘हरवली’ हे क्रियापद म्हणूनच मला मंजूर नाही. ज्युडी सिल जड झाली तेव्हा रेकॉर्ड कंपनीने तिला बाजूला टाकलं. बनियनची रेकॉर्ड खपली नाही म्हणून तिने गिटार खाली ठेवली आणि मुलं वाढवली. कॉटनचं गाणं दोन पुरुषांनी पळवलं. या प्रत्येक वाक्याला कर्ता आहे. ‘हरवली’ म्हटलं की कर्ता गायब होतो आणि शोधणारा थोर ठरतो.

या बाबतीत आपल्या घरात एक धडा होता, तो आपण वाचलाच नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. ओव्या बऱ्याचशा वारशाने आलेल्या असतात, पण बाई त्यांत आपलं घालते: सवतीचं नाव, गेलेल्या लेकाचं नाव, कधी बाबासाहेबांचं. चालीला त्या ‘गळा’ म्हणतात आणि गळा बाईगणिक बदलतो. केंटकीच्या डोंगरात जीन रिचीच्या घरी वारशाने आलेली गाणी म्हटली जायची, ते यापेक्षा वेगळं नव्हतं. राईरकर आणि पॉइटवँ यांनी ओवीबरोबर म्हणणारीचं नाव आणि गाव लिहून ठेवलं. ‘लोकगीत, परंपरागत’ असा शिक्का मारून मोकळे झाले नाहीत. ध्वनिमुद्रणं आज कुणालाही ऐकता येतात. सिबिल बायरची टेप कुणाच्या हातून कुणाकडे गेली हे तोंडपाठ असलेल्या माझ्या मराठी मित्रांपैकी कुणी आजवर परभणीच्या एखाद्या बाईचा गळा ‘हा ऐक’ म्हणून मला सांगितलेला नाही. त्या बायकांची गोष्ट साधी आहे: पहाटे उठल्या, दळलं, गायल्या.

काही जण म्हणतात, शोकांतिकेच्या निमित्ताने का होईना, लोक ऐकतात तरी. नाही ऐकत. गोष्टीसाठी आलेला माणूस गोष्ट संपली की जातो. त्याला एक गाणं पुरतं, तेही अर्धं. कॉन्व्हर्सच्या फोक्सवॅगनबद्दल बोलणाऱ्यांना तिच्या पियानोगीतांबद्दल विचारून पाहा. आणि या सवयीचा खरा भुर्दंड मेलेल्यांना नाही, जिवंत असलेल्यांना पडतो. आयरिस डिमेंट चौदा भावंडांतली धाकटी. १९९२ मध्ये पहिला अल्बम काढला तेव्हापासून ती सावकाश, वर्षानुवर्षं थांबून लिहिते आहे. २०१५ मध्ये तिने अॅना अख्मातोव्हाच्या कवितांना चाली लावून अख्खा अल्बम केला. अमेरिकन ग्रामीण चर्चच्या पियानोवर रशियन कविता, आणि कुठेही सांधा दिसत नाही. अशा प्रयोगावर आपल्याकडे चर्चा व्हायला हवी होती. अॅलिस जेरार्डने २०२३ मध्ये ‘सन टू सन’ काढला तेव्हा ती एकोणनव्वद वर्षांची होती. मला तो अल्बम कुणी सुचवला नाही, माझा मीच शोधावा लागला.

स्पॉटिफायने २०२४ पासून नियम केला की बारा महिन्यांत हजारपेक्षा कमी वेळा ऐकलं गेलेलं गाणं रॉयल्टीच्या हिशेबात धरायचंच नाही. शिफारशीला आज इतका रोकडा अर्थ आला आहे. ज्यांची गाणी पुन्हा निघालेल्या रेकॉर्डांवर आहेत, माहितीपटात आहेत, त्यांना त्या हजाराची फिकीर नाही, आणि त्यांतल्या कित्येक जणी तर पैसे घ्यायला नाहीतच. फिकीर आहे ती आज कुठल्या तरी लहान गावात नोकरी सांभाळून स्वतःच्या पैशाने तिसरा अल्बम भरणाऱ्या बाईला. ती निरोगी आहे, घोडागाडीतून कुठे निघालेली नाही, तिच्या गाण्याच्या दुसऱ्या कडव्यात चाल एक अनपेक्षित वळण घेते, आणि तिच्याबद्दल सांगायचं तर त्या वळणाबद्दलच बोलावं लागेल. शंभर रसिकांनी प्रत्येकी दहा वेळा ऐकलं तर हजार होतात. एकमेकांना नावं सुचवण्याचा एवढा उत्साह ज्यांच्यात आहे, त्यांना हे जमत नाही असं मी मानायला तयार नाही.