डबा रिकामा झाला की शोभेचा होतो

विषय ऐकून काहींना प्रश्न पडला असेल, की बीड जिल्ह्यात बसून जुन्या चिनी मातीच्या भांड्यांवर आणि नक्षीदार डब्यांवर काय बोलायचं? हे शौक मुंबई-पुण्याचे. पण जुन्या वस्तू विकल्या जातात त्या आपल्याकडच्या वाड्यांमधूनच, आणि विकणारे आपणच असतो. म्हणून या शौकाची थोडी चिकित्सा आज आपण करू.

सुरुवात 'चिनी' या शब्दापासून. आपल्या स्वयंपाकघरातली लोणच्याची बरणी, वर तपकिरी आणि खाली पांढरट, तिला आपण चिनी मातीचीच म्हणतो. ती चीनमधून आलेली नसते आणि खरं पोर्सलीनही नसते. पोर्सलीनला केओलिन नावाची पांढरी माती लागते आणि साधारण तेराशे अंशांची भट्टी लागते. ते पातळ असेल तर उजेडासमोर धरल्यावर प्रकाश आरपार झिरपतो. आपली बरणी जाड आणि दणकट. तिच्या लुकणाला मीठ आणि आंबटपणा बाधत नाही, म्हणून लोणचं तिच्यात टिकतं. दौलताबादच्या किल्ल्यातला चिनी महाल आठवा. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर अबुल हसन तानाशहाला औरंगजेबानं तिथे कैदेत ठेवलं. त्या महालाला नाव मिळालं ते भिंतीवरच्या निळ्या-पांढऱ्या चकाकत्या फरशांमुळे. म्हणजे चकाकी दिसली की आपल्याकडे 'चिनी', मग ते कुठलंही असो.

संग्राहक नेमका इथेच फसतो. भांड्याच्या बुडाशी चिनी सम्राटाच्या राजवटीचा शिक्का दिसला की तो खूश! पण चिनी कारागीर जुन्या राजवटींचे शिक्के नव्या भांड्यांवर सर्रास घालत आले. पंधराव्या शतकातल्या चेंगहुआ राजवटीचा शिक्का सतराव्या-अठराव्या शतकातल्या भांड्यांवरही सापडतो. दरवेळी त्यात फसवणुकीचा हेतू नसे; पूर्वजांच्या कामाचा मानही असे. आणि बुडाशी इंग्रजीत 'चायना' लिहिलेलं असेल, तर भांडं बहुधा १८९१ नंतरचं. अमेरिकेनं त्या सुमारास आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून.

आता संग्रहांकडे येऊ. आपला जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. त्या राज्याचे काही काळ दिवाण राहिलेले तिसरे सालारजंग यांनी देशोदेशीच्या वस्तू गोळा केल्या. त्यांचं संग्रहालय १९५१ मध्ये हैदराबादला उघडलं. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात सर रतन टाटा आणि सर दोराबजी टाटा यांचे संग्रह आहेत, त्यांत चिनी पोर्सलीनही आहे. दोन्ही ठिकाणी डोळे दिपतात. पण चिनी भांडी मुंबईच्या घरांत आली कशी, हेही विचारलं पाहिजे. एकोणिसाव्या शतकात मुंबईचे व्यापारी चीनला कापूस आणि माळव्याची अफू पाठवत. परतीच्या गलबतांत रेशीम, चहा आणि भांडी असत. कपाटातल्या निळ्या-पांढऱ्या बरणीमागे असाही एक हिशेब असू शकतो. भांडं त्यामुळे कुरूप होत नाही. मात्र नुसतं 'किती सुंदर' म्हणून पुढे सरकलं, की आपण अर्धीच वस्तू पाहिलेली असते.

पुण्याच्या दिनकर केळकरांची दृष्टी वेगळी होती. १९२० च्या सुमारास त्यांनी सुरुवात केली आणि गोळा काय केलं? दिवे, अडकित्ते, वज्री, पानदानं, करंडे, फणेरपेट्या. लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावानं संग्रहालय उभं केलं आणि १९७५ मध्ये ते सरकारच्या स्वाधीन केलं. बाईच्या हातातली वस्तू संग्रहालयाच्या लायकीची आहे, हे त्यांनी दाखवून दिलं. हे काम मोठंच आहे.

तरी आमची एक तक्रार उरते, आणि ती बहुतेक सगळ्याच संग्रहालयांबद्दल आहे. पाटीवर वस्तूचं नाव, प्रांत आणि शतक असतं. फणेरपेटी कोणाची होती, ते नसतं. तिच्यात आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा असे. कपाळाला आधी मेण लावायचं, मग कुंकू. नवरा गेला की त्या पेटीचा तो कप्पा बाईसाठी बंद होई. हे पाटीवर नसेल, तर उरते फक्त एक नक्षीदार पेटी. बिदरी पानदानाचंही तसंच. जस्ताचं काळं अंग आणि त्यावरची चांदी दिसते; पण चुना, कात, सुपारी, लवंग कुठल्या कप्प्यात, आणि विडा आधी कोणाच्या हातात जायचा, हे घरातल्यांनाच ठाऊक.

आजच्या सजावटीत हीच पेटी दिवाणखान्यात येते आणि तिच्यात टीव्हीचा रिमोट ठेवतात. ठेवा की! वस्तू वापरात राहिली तर बरंच आहे. वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं. वाडा पडतो, भावाभावांत वाटण्या होतात, आणि तांब्या-पितळेचे डबे मोडीत जातात. आमच्या घरातही असंच झालं. आजीचा पितळी डबा मोडीत देताना आम्ही किलोचा भाव विचारला. डबा कोणी दिला, कधी दिला, हे आजीला विचारलंच नाही. आता विचारायला आजी नाही.

कायदा आहे. १९७२ च्या कायद्यानं शंभर वर्षांहून जुनी, ऐतिहासिक मोलाची वस्तू खासगी माणसाला परदेशी पाठवता येत नाही. पण तो कायदा आजीला प्रश्न विचारायला आपल्या घरी येणार नाही.

म्हणून एवढंच सांगणं आहे. आज घरी गेल्यावर एक जुना डबा उतरवा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा: कोणाचा, कुठून आला, आत काय असायचं? एका चिठ्ठीवर लिहा आणि ती चिठ्ठी त्याच डब्यात ठेवा. पुढे विकायचा झालाच, तर चिठ्ठीसकट विका. डबा रिकामा जाऊ देऊ नका.